गच्चीवरचा छोटा हॉइस्ट: बसवणं, तपासणं, चालवणं

साइटवर नवा हॉइस्ट, म्हणजे माल वर चढवणारं यंत्र, आला की सगळे मोटरभोवती जमतात. किती किलो उचलते, किती वेगात उचलते, आवाज कसा आहे. मोटर बहुतेक वेळा आपलं काम नीट करते, घोळ होतो तो भलतीकडेच. स्टँडच्या मागचं वजन कमी पडतं, दोराची क्लिप उलटी लावलेली असते, लिमिट स्विचची, म्हणजे हूक फार वर गेला की मोटर बंद करणाऱ्या स्विचची, दांडी सिमेंटच्या पाण्याने चिकटून बसलेली असते. म्हणजे उचलणारे भाग शाबूत आणि थांबवणारे भाग गेलेले. त्यामुळे माझ्या हाताखाली नवा मुलगा आला की मी हॉइस्टच्या एकेका भागाकडे बोट दाखवून त्याला विचारतो, "हे थांबणार कशाने?" उत्तर आलं नाही तर बटण त्याच्या हातात देत नाही.

हा लेख आहे तो छोट्या, तारेच्या दोराच्या हॉइस्टबद्दल. मोटर, तिला जोडलेला ड्रम, ड्रमवर गुंडाळला जाणारा दोर, टोकाला हूक आणि हे सगळं पेलणारा, स्लॅबवर उभा केलेला स्टँड व फिरता आर्म. कुणी त्याला मिनी लिफ्ट म्हणतं, कुणी मंकी लिफ्ट. उंच खांबावर दात्यांच्या पट्टीने चढणारी पिंजऱ्याची लिफ्ट हा वेगळा प्रकार आहे. तिची उभारणी त्यातल्या प्रशिक्षित माणसांनीच करायची, इथलं वाचून तिला हात लावू नका. आणि माझं सांगणं व तुमच्या यंत्राचं मॅन्युअल यांत कुठे फरक पडला तर मॅन्युअलचं ऐका.

सुरुवातीलाच एक गोष्ट. या हॉइस्टवर माणूस चढवायचा नाही. हुकाला लटकून नाही, ट्रॉलीत बसून नाही, "एकच मजला आहे हो" म्हणूनही नाही. १८५४ मध्ये एलिशा ओटिसने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात, स्वतः उभा असलेल्या पाळण्याचा दोर लोकांसमोर कापून घेतला. पाळणा थोडासा खाली सरकला आणि अडला, कारण दोर ढिला पडताच बाजूच्या दात्यांत अडकणारी कळ त्याने बसवली होती. माणसांच्या लिफ्टवर विश्वास बसला तो त्या कळीमुळे. तुमच्या हॉइस्टच्या हुकाला तशी कळ नाही. दोर सुटला की खालची जमीनच त्याला थांबवते.

पाटीवरचे आकडे आधी वाचा

मोटरवर एक छोटी धातूची पाटी असते. तिच्यावर बऱ्याचदा असं काही लिहिलेलं असतं: १२५/२५० किलो, १२/६ मीटर. नवा माणूस यातला मोठा आकडा लक्षात ठेवतो आणि म्हणतो, आपला हॉइस्ट अडीचशे किलोचा. तसं नसतं. दोर सरळ हुकाला जोडला तर तो १२५ किलो, १२ मीटर उंचीपर्यंत उचलतो. सोबत आलेली कप्पी हुकाला लावून दोर तिच्यातून फिरवला आणि टोक परत वर हॉइस्टच्या अंगावर अडकवलं, तर वजन दोन दोरांत विभागलं जातं. मग क्षमता २५०, पण उंची आणि वेग दोन्ही निम्मे. कप्पी गोण्यांमागे कुठेतरी पडलेली असते आणि एकेरी दोरावर चार गोण्या लटकत असतात, हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की हल्ली साइटवर गेलो की आधी कप्पी शोधतो.

दुसरा आकडा लोक वाचतच नाहीत: एस-३, २० टक्के, १० मिनिटे. याचा अर्थ दर दहा मिनिटांत मोटरने दोनच मिनिटं चालायचं आणि आठ मिनिटं निवायचं. वेग मिनिटाला १० मीटर असेल तर १० मीटरची एक फेरी, म्हणजे वर आणि खाली, यातच ती दोन मिनिटं संपतात. दिवसभर धडाधड माल चढवायचा बेत असेल तर हे यंत्र त्या कामाचं नाही, हे घेण्याआधीच कळायला हवं. वाईंडिंग, म्हणजे मोटरच्या आतली तारेची गुंडाळी, एका दिवसात जळत नाही. रोज थोडं थोडं भाजतं आणि एका दुपारी वास येतो.

जागा

जिथून माल वर आणायचा त्या कडेवरून ओळंबा सोडा आणि तो जमिनीपर्यंत निर्वेध जातो का ते पाहा. छज्जा, परांचीची आडवी नळी, बाहेर आलेली सळई, वरून जाणारी विजेची तार, यांतलं काहीही वाटेत असेल तर जागा बदला. "हाताने जरा बाहेर धरू" हा उपाय नाही. भरलेलं घमेलं छज्ज्याखाली अडकतं, मोटर ओढतच राहते आणि पुढे काय होतं ते खाली 'मागचं वजन' या भागात येईलच.

स्टँड पक्क्या, पूर्ण ताकद आलेल्या स्लॅबवर हवा. काल ओतलेल्या स्लॅबवर नाही, छज्ज्यावर नाही, विटांच्या कठड्यावर तर मुळीच नाही. स्टँडचे पाय थेट काँक्रीटवर टेकण्याऐवजी खाली जाड फळी ठेवा म्हणजे भार पसरतो. मग पाणसळ लावा. स्टँड बाहेरच्या बाजूला कललेला असेल तर भरलेला आर्म स्वतःहून बाहेर फिरायला बघतो आणि त्याला आत ओढणारा माणूस कडेवर तोल सावरत बसतो.

खाली जमिनीवर हुकाच्या बरोबर खालची जागा अडवा. नुसती रिबन बांधली तर लोक वाकून जातात, मी स्वतः गेलोय. लाकडी किंवा लोखंडी अडथळा लावा. बारा मीटरवरून सुटलेली वीट जमिनीवर यायला साधारण दीड सेकंद लागतो आणि टेकताना तिचा वेग ताशी ५५ किलोमीटर असतो. "सरका!" म्हणेपर्यंत ती खाली आलेली असते. शिवाय वाटेत परांचीला आपटली की ती सरळ पडत नाही, उडते. म्हणून अडवलेली जागा हुकाच्या चारी बाजूंनी किमान तीन मीटर तरी ठेवा, आणि इमारत उंच असेल तर आणखी वाढवा.

मागचं वजन

इथे घाई करू नका. हिशेब सोपा आहे, शाळेतल्या तरफेचा. स्टँडचे पुढचे पाय म्हणजे टेकू. समजा हूक पुढच्या पायांपासून ०.८ मीटर बाहेर आहे. माल २०० किलो, आणि आर्मवर टांगलेला हॉइस्ट, हूक, बादली मिळून आणखी ५० किलो. एकूण २५०. २५० गुणिले ०.८ म्हणजे २००. मागचं वजन पुढच्या पायांपासून १.६ मीटर मागे असेल तर २०० भागिले १.६, म्हणजे १२५ किलो ठेवल्यावर तरफ जेमतेम समतोल होते.

जेमतेम समतोल म्हणजे एका झटक्यात उलटेल असा. माल उठताना झटका बसतो, थांबताना बसतो आणि बादली कुठे अडकली तर मोटर पाटीवरच्या आकड्यापेक्षा पुष्कळ जास्त ओढू शकते. त्यामुळे त्या १२५ ला किमान तीनाने गुणायचं: ३७५ किलो. मी चाराने गुणतो, ५०० किलो. मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर अर्थातच तो. आणि आर्म बाजूला फिरवल्यावर टेकू बदलतो, मग स्टँड पुढे न उलटता कुशीवर उलटू शकतो. दोन्ही बाजूंना आर्म नेऊन पाहिल्याशिवाय स्टँड ठीक आहे असं म्हणू नये.

वजन कशाचं ठेवायचं? काँक्रीटचे ठोकळे किंवा लोखंडी प्लेटा, ज्यांचं वजन नक्की माहीत आहे आणि ज्या स्टँडला बोल्टने किंवा साखळीने पक्क्या बांधता येतात. वाळूची पोती नकोत. पोतं फाटतं, वाळू हळूहळू गळते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पाण्याची पिंपं नकोत. आणि सिमेंटच्या गोण्या तर अजिबात नकोत. का, ते सांगतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. स्टँडच्या मागे सिमेंटच्या गोण्या रचल्या होत्या, मीच मोजून रचल्या होत्या. दुपारी जेवून आलो, विटांची ट्रॉली वर येत होती. मी सहज स्टँडच्या मागच्या पायाकडे बघितलं तर पाय आणि फळी यांच्यामध्ये बोटभर फट दिसली. ट्रॉली जराशी हेलकावली की फट मिटायची, पुन्हा उघडायची. ओरडून थांबवलं, ट्रॉली खाली घेतली आणि गोण्या मोजल्या. तीन कमी. प्लास्टरवाल्यांचा माल कमी पडला होता आणि हाताशी सिमेंट दिसलं, म्हणून त्यांनी उचललं. त्यांची चूक कशी म्हणू? मी त्यांच्यासमोर सिमेंटच ठेवलं होतं. तेव्हापासून मागचं वजन असं ठेवतो की त्याचा दुसऱ्या कुणाला काही उपयोग होऊ नये, आणि त्यावर लाल रंगाने लिहितो: काढू नये.

वीज

जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण त्याने काय केलंय ते तुम्हालाही कळायला हवं. हॉइस्टसाठी स्वतंत्र लाइन, तिच्यावर एमसीबी (जादा करंट आला की लाइन तोडणारा स्विच), आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज अंगातून किंवा जमिनीत गळली की लाइन तोडणारा स्विच). अर्थिंगची तार मोटरच्या अंगापासून थेट बोर्डापर्यंत अखंड असली पाहिजे. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, ते दाबून तो पडतो का ते बघा. बटण दाबूनही तो पडला नाही तर काम सुरूच करू नका.

आता केबलची जाडी. मोटर चालताना ८ अँपिअर घेते असं धरा. सुरू होताना तीच क्षणभर ४०–४५ अँपिअर घेते. बोर्ड ५० मीटर लांब असेल आणि केबल २.५ चौरस मिमी तांब्याची, तर जाण्यायेण्याच्या तारांचा मिळून रोध साधारण ०.७ ओहम भरतो आणि सुरुवातीच्या झटक्यात मोटरपाशी २३० ऐवजी २०० व्होल्टच्या आसपास पोचतात. चालून जातं. पण हाताशी होती म्हणून १ चौरस मिमीची एक्स्टेंशन लावली तर रोध १.७५ ओहम होतो आणि मोटरपाशी उरतात १७०–१७५ व्होल्ट. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे मूळ जोराच्या निम्म्याहून थोडाच जास्त राहतो.

खरा त्रास पुढे आहे. अशा हॉइस्टचा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि विजेने सुटतो. ही रचना मुद्दाम केलेली आहे: वीज गेली की स्प्रिंग ब्रेक लावते. पण व्होल्टेज कमी असलं की ब्रेकची कॉइल त्याला पूर्ण सोडवू शकत नाही. मोटर घासणाऱ्या ब्रेकसकट ड्रम फिरवते, अस्तर झिजतं, आणि काही आठवड्यांनी, व्होल्टेज छान असलेल्या एखाद्या दिवशी, माल हवेत थांबत नाही. दोष ब्रेकला दिला जातो, कारण मात्र जमिनीवर पडलेली ती बारीक केबल असते. केबल रिळावर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळीत ती तापते.

थ्री-फेज मोटर असेल तर आणखी एक सापळा आहे. दोन फेज अदलाबदल झाले की मोटर उलटी फिरते: 'वर' दाबलं की हूक खाली. काही हुशार लोक पेंडंटमधल्या, म्हणजे हातात धरायच्या बटणांच्या डबीतल्या, बटणांच्या तारा बदलून हे 'दुरुस्त' करतात. हूक आता बरोबर वर जातो, पण वरचा लिमिट स्विच ज्या सर्किटला तोडतो ते आता 'खाली'चं सर्किट झालेलं असतं. हूक लिमिटची दांडी ढकलतो आणि मोटर थांबत नाही. दिशा उलटी आली तर पुरवठा बंद करून येणाऱ्या केबलचे दोन फेज बदलायचे, बटणांना हात लावायचा नाही. साइटचा बोर्ड हलवला की दर वेळी दिशा पुन्हा तपासायची.

दोर, क्लिप आणि ड्रम

दोराच्या टोकाला कारखान्यात दाबून बसवलेला फासा असेल तर उत्तम. तुम्हाला क्लिप लावून फासा करायची वेळ आली तर आत थिंबल, म्हणजे फाशाच्या आत बसणारी धातूची खाचेची कडी, घाला, नाहीतर दोर हुकाच्या वळणावर चिमटतो. क्लिपचे दोन भाग असतात, यू आकाराचा बोल्ट आणि खाचांची बैठक. बैठक भार घेणाऱ्या दोराच्या बाजूला आणि यू बोल्ट मोकळ्या टोकाच्या बाजूला यायला हवा. यू बोल्ट ज्या दोरावर बसतो त्याला तो चेपतो. चेपायचाच तर ज्याच्यावर भार नाही तो भाग चेपला जावा. एक सरळ, एक उलटी अशी आलटून पालटून लावलेली जोडी दिसायला नेटकी दिसते आणि चुकीची असते. किमान तीन क्लिपा, दोन क्लिपांमध्ये दोराच्या जाडीच्या साधारण सहापट अंतर, म्हणजे ६ मिमी दोराला ३६ मिमीच्या आसपास. पहिला भार उचलून झाल्यावर सगळे नट पुन्हा आवळा. ताण आल्यावर दोर किंचित बारीक होतो आणि आवळलेला नट ढिला पडतो.

ड्रमवर दोर गुंडाळताना त्याला थोडा ताण हवा. हातमोजे घातलेल्या माणसाने ड्रमपासून लांब उभं राहून दोर हलका ताणून धरायचा, दुसऱ्याने बटण दाबायचं. फेरे शेजारी शेजारी, चिकटून बसले पाहिजेत. ढिले गुंडाळले तर भार आल्यावर वरचा फेरा खालच्यात रुततो. आणि हूक जमिनीला टेकलेला असताना ड्रमवर किमान तीन फेरे शिल्लक असायला हवेत. दोराचं टोक ड्रमला ज्या स्क्रूने धरलेलं असतं, तो भार पेलण्यासाठी नसतो. भार पेलतं ते या फेऱ्यांचं घर्षण.

फेरे संपले की काय होतं? दोर पूर्ण उलगडतो, ड्रम फिरतच राहतो आणि दोर उलट्या बाजूने गुंडाळायला लागतो. तुम्ही 'खाली' दाबलेलं आहे आणि हूक वर येतोय. वरची लिमिट या दिशेला काम करत नाही. एकदा पाहिलं की विसरत नाही, पण साइटवर पाहू नका.

चाचणी, माल चढवण्याआधी

पहिली फेरी रिकाम्या हुकाने. 'वर' दाबा, वर जातो का. सोडा, लगेच थांबतो का. हूक अर्ध्यावर असताना एकाने हातातल्या काठीने लिमिटची दांडी ढकलायची: मोटर त्याच क्षणी थांबली पाहिजे आणि 'खाली' मात्र चाललं पाहिजे. मगच हूक सावकाश वर नेऊन लिमिटला प्रत्यक्ष टेकवा. आधी काठीने तपासा असं का म्हणतो? लिमिट बिघडलेली असेल तर ते हूक आर्मवर आदळून कळण्यापेक्षा काठीने कळलेलं बरं. मग इमर्जन्सीचं लाल बटण, वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा.

दुसरी फेरी हलक्या भाराने, क्षमतेच्या चौथ्या हिश्शाएवढ्या. आता बघायचं ते मागच्या पायांकडे, फळ्यांकडे, बोल्टांकडे. तिसरी फेरी अर्ध्या भाराने आणि चौथी पूर्ण भाराने. पूर्ण भार जमिनीपासून ३० सेंटिमीटरच उचला आणि थांबा. ड्रमच्या कडेवर आणि शेजारच्या स्थिर भागावर एका रेषेत खडूची खूण करा आणि दहा मिनिटं तशीच राहू द्या. खूण सरकली तर ब्रेक घसरतोय, भार उतरवा आणि यंत्र बंद ठेवा. खूण जागेवर असेल तर माल एखादा मीटर वर नेऊन खाली सोडताना मध्येच मेन स्विच पाडा. माल लगेच पकडला गेला पाहिजे. सुरुवातीच्या "हे थांबणार कशाने?" या प्रश्नाचं उत्तर या एका चाचणीत मिळतं, आणि हीच चाचणी लोक टाळतात, कारण धडकी भरते. माल एक मीटर उंचीवर आहे आणि खाली कुणी नाही, तेव्हाच धडकी भरू द्या.

क्षमतेपेक्षा जास्त भाराच्याही चाचण्या असतात, चालत्या भाराला ११० टक्के आणि स्थिर भाराला १२५ टक्के. त्या तज्ज्ञ माणसाने, त्याच्या पद्धतीने करायच्या. "बघू तरी किती उचलतोय" या हौसेने नव्हे.

चालवताना

वजनाचा अंदाज डोळ्याने करू नका, कारण ओला माल डोळ्याला फसवतो. कोरडी वाळू घनमीटरला साधारण १६०० किलो भरते, ओली २००० च्या घरात जाते. काँक्रीट २४०० किलो. म्हणजे १०० लिटरची बादली काँक्रीटने काठोकाठ भरली तर ती २४० किलोची झाली, वर बादलीचं वजन वेगळं. २५० किलोच्या हॉइस्टवर ती चालत नाही. छोट्या हॉइस्टमध्ये जादा भार आला की आपोआप थांबवणारी सोय बहुधा नसते. मी बादलीवर आतून रंगाची रेघ मारून ठेवतो: काँक्रीट इथपर्यंत. भरणाऱ्याला आकडे सांगत बसावं लागत नाही.

माल कशात बांधायचा याबद्दल थोडक्यात: सुट्या विटा बंद बाजूंच्या ट्रॉलीतच न्या, लांब नळ्या दोन ठिकाणी बांधा, आणि हुकाचं कुलूप, म्हणजे तोंडावरची स्प्रिंगची पट्टी, बसल्याशिवाय उचलू नका. पट्टी तुटलेली असेल तर हूक बदला. तार गुंडाळून भागवू नका.

उचलताना आधी दोर ताणला जाईपर्यंतच बटण दाबा, थांबा. माल बरोबर हुकाखाली आहे का बघा, मग उचला. बाजूला पडलेला माल हॉइस्टने तिरका ओढायचा नाही. त्याने दोर ड्रमवरून घसरतो आणि आर्मवर असा ताण येतो ज्याच्यासाठी तो बनलेलाच नाही. बटण टकटक दाबत इंच-इंच सरकवणंही टाळा, प्रत्येक दाबाला मोटर तो ४० अँपिअरचा झटका खाते.

इशारा देणारा माणूस एकच. हात वर, तर्जनी आकाशाकडे आणि छोटं वर्तुळ: वर घे. तर्जनी जमिनीकडे आणि वर्तुळ: खाली सोड. दोन्ही हात बाजूला पसरून तळवे खाली आणि हात मागेपुढे: तातडीने थांब. 'वर' आणि 'खाली' फक्त त्या एका माणसाचंच ऐकायचं. 'थांब' मात्र कुणीही म्हटलं तरी थांबायचं, अगदी पहिल्या दिवशी आलेल्या बिगाऱ्यानेही. नंतर विचारा का म्हणाला.

वरच्या मजल्यावर माल आत ओढून घेणारा माणूस या सगळ्या कामात सर्वांत जास्त धोक्यात असतो. त्याच्यासमोर कठडा नसतो, कारण माल तिथूनच आत यायचा असतो. त्याने सेफ्टी बेल्ट घालायचाच, आणि त्याचा हूक इमारतीच्या पक्क्या भागाला अडकवायचा. हॉइस्टच्या स्टँडला नाही. स्टँड उलटला तर माणूसही सोबत जाईल. माल हाताने ओढण्याऐवजी आर्म फिरवून आत आणा, आणि बाहेर झुकण्यापेक्षा ट्रॉलीला बांधलेली ओढदोरी वापरा. ट्रॉली स्लॅबवर पूर्ण टेकून दोर ढिला पडेपर्यंत तिच्यातलं काही उचलायचं नाही. आणि उलटही सांभाळा: माल कडेवर अर्धवट टेकला, चालवणाऱ्याने नकळत दोर ढिला सोडला आणि माल घसरला, तर तो ढिला दोर एकदम ताणला जातो. त्या झटक्यात दोरावर प्रत्यक्ष वजनाच्या कितीतरी पट ताण येतो.

वाऱ्याबद्दल लोक पावसाइतके सावध नसतात. ८ बाय ४ फुटी प्लाय घ्या. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच्यावर १८–२० किलोचा आडवा रेटा बसतो. बारा मीटर दोराला लटकलेला प्लाय त्या रेट्याने गरगरतो, दोराला पीळ पडतो आणि वरच्या माणसाला तो थप्पड मारल्यासारखा लागतो. विटा चढवता येतील अशा वाऱ्यातही प्लाय आणि पत्रे चढवू नका. विजा चमकायला लागल्या की काम बंद.

माल हवेत असताना वीज गेली तर ब्रेक त्याला धरून ठेवील. काहीही करू नका, म्हणजे खरंच काहीही नाही. मेन स्विच बंद करा, पेंडंट खाली ठेवा, खालच्या अडथळ्यापाशी एक माणूस उभा करा आणि वीज यायची वाट बघा. काही यंत्रांना हाताने ब्रेक सोडण्याची सोय असते. ती मॅन्युअल वाचलेल्या, आधी करून पाहिलेल्या माणसानेच, थोडं थोडं सोडत वापरायची. मोटरचं झाकण उघडून ब्रेक पान्याने उचकटणारा माणूस मी एकदा बघितलाय. त्या दिवशी विटा तीन सेकंदांत खाली आल्या. खाली कुणी नव्हतं, एवढंच.

रोज सकाळी

दहा मिनिटांचं काम आहे. मागचं वजन मोजा, "कालच होतं" असं म्हणू नका. बोल्ट आणि क्लिपांचे नट हाताळून बघा, आरसीसीबीचं बटण दाबा, केबलला चीर पडलीय का ते पाहा, लिमिट काठीने तपासा, लाल बटण तपासा, रिकाम्या हुकाची एक फेरी मारा.

दोर मात्र वेळ घेऊन बघा. पुरवठा बंद ठेवून जुनी सुती चिंधी दोरावरून फिरवा, तुटलेली तार असेल तिथे धागा अडकतो. उघडा हात फिरवू नका. छोट्या हॉइस्टवर बऱ्याचदा पीळ न खाणारा दोर असतो. त्याच्या बाबतीत दोराच्या जाडीच्या सहापट लांबीत दोन तारा तुटलेल्या दिसल्या, किंवा तीसपट लांबीत चार, की दोर बाद. ६ मिमी दोराला म्हणजे ३६ मिमीत दोन किंवा १८० मिमीत चार. जाडी व्हर्नियरने मोजा, मूळ जाडीपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त घटली असेल तरी बाद, ६ मिमीचा ५.७ च्या खाली गेला की संपला. मुरगळून पडलेली गाठ, पिंजऱ्यासारख्या फुगलेल्या तारा, वेल्डिंगच्या ठिणगीचा निळसर डाग, यांतलं एकही दिसलं तर मोजत बसू नका. आणि तुटका भाग कापून दोन तुकडे क्लिपांनी जोडण्याचा विचारही नको, तो सांधा ड्रमवर बसत नाही आणि कप्पीतून जात नाही.

हे सगळं एका वहीत लिहा, तारीख आणि सहीसकट. दोराची जाडी दर आठवड्याला लिहिली की तो कधी बदलायचा ते वहीच सांगते, दुकानदाराला विचारावं लागत नाही.

संध्याकाळी हूक रिकामा करून वर घ्या, लिमिटला टेकेपर्यंत नाही, त्याच्या थोडा खाली. आर्म आत फिरवून बांधा, नाहीतर रात्रीच्या वाऱ्यात तो बाहेर जातो. मोटरवर ताडपत्री टाका पण मोटर निवल्यावर. मेन स्विच बंद करा, त्याला कुलूप लावा, आणि चावी बोर्डाच्या वर ठेवू नका. तिथे ती असते हे साइटवर सगळ्यांना माहीत असतं.